राष्ट्रपती आमदार-खासदारांचा, नगराध्यक्ष आपला: असं का?

आजचा विषय माझ्या भाच्यानं दिलाय. त्यानं विचारलं, "मामा, राष्ट्रपतीला मत द्यायला आपला नंबर कधी लागतो?" म्हटलं, लागतच नाही रे.

राष्ट्रपती निवडतात ते निवडून आलेले खासदार आणि विधानसभेचे आमदार. त्यातही प्रत्येक राज्यातल्या आमदाराच्या मताचं मूल्य वेगळं. हिशेब सोपा आहे: राज्याची १९७१ ची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, आणि आलेलं उत्तर भागिले १०००. महाराष्ट्राचे ५,०४,१२,२३५ लोक, २८८ आमदार. उत्तर येतं १७५. उत्तर प्रदेशात हेच २०८, सिक्कीममध्ये फक्त ७.

आता गंमत बघा. जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी असे आपल्या जिल्ह्याचे चार आमदार. ४ गुणिले १७५ म्हणजे ७००. २०२२ च्या निवडणुकीत एका खासदाराच्या मताचं मूल्यही ७००च होतं!

मग थेट लोकांनीच का निवडू नये? संविधान सभेत के. टी. शहांनी हीच मागणी केली होती. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. एवढ्या मोठ्या मतदारसंख्येसाठी यंत्रणा उभी करणं अवघड, आणि खरी सत्ता तर मंत्रिमंडळाकडं, मग एवढा खटाटोप कशासाठी, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. अमेरिकेत मात्र अध्यक्ष स्वतः सरकार चालवतो. तिथं २०१६ ला हिलरी क्लिंटनना देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त पडली, तरी निवडून आले ट्रम्प, कारण निकाल राज्याराज्यांच्या निर्वाचकांवर ठरतो. हे मला पटत नाही.

आता आपल्या दारातलं बघू. परभणीत महापालिका, म्हणून महापौर नगरसेवक निवडतात. सेलू, मानवत, गंगाखेडला नगरपालिका, म्हणून नगराध्यक्ष थेट लोकांतून. हा नियमही स्थिर नाही: २०१६ ला थेट निवड आणली, २०२० ला रद्द केली, २०२२ ला सरकार बदललं आणि ती परत आली. सरपंचांचंही तसंच: २०१७ ला आणली, २०२० ला काढली, २०२२ ला पुन्हा आणली.

मी दोन्ही प्रकार गावात पाहिलेत. सदस्य सरपंच निवडायचे तेव्हा मतदानाआधी आठ दिवस सदस्य 'सहलीला' जायचे, फोन बंद. थेट निवड आली तर सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्या पॅनलचं. पाईपलाईनचा ठराव बैठकीमागून बैठक लटकला. आई तोवर घागर घेऊन हातपंपावरच.

म्हणून माझं मत असं: पद नावापुरतं असेल तर प्रतिनिधींनी निवडलं तरी चालतं. ज्याच्या सहीवर आपल्या नळाचं पाणी अवलंबून आहे, तो मात्र आपणच निवडावा. पण तेवढ्यानं भागत नाही. त्याच दिवशी सदस्यांनाही मत देतो ना आपण? तिथं फक्त भावकी बघून बटण दाबलं, तर निवडलेल्या माणसाचे हात आपणच बांधतो.

पुढच्या वेळी मशीनसमोर उभे राहाल तेव्हा सगळी बटणं मिळून एकच निर्णय समजा. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!