मोडीत न गेलेले दिवे

पुण्यात पाहुणा आला की त्याला शनिवारवाडा दाखवायचा, सारसबागेतल्या गणपतीला न्यायचं आणि वेळ उरला तर केळकर संग्रहालय, असा आपला शिरस्ता. वेळ बहुधा उरत नाही! मी मात्र पाहुण्यांना आधी बाजीराव रस्त्यावर नेते आणि तिथेही थेट दिव्यांपाशी उभं करते.

समया, लामणदिवे, निरांजनं, दोन्ही हातांत दिवा धरून उभ्या दीपलक्ष्मी, मोर आणि हत्ती... किती म्हणून पाहावेत! हे सारं जमवणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी. व्यवसाय चष्म्यांच्या दुकानाचा. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचं वेड लागलं आणि पत्नी कमलाबाईंनी त्यात साथ दिली. बालवयातच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. वीस हजारांवर वस्तूंचा हा संसार पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दिव्यांवर तर त्यांचा विशेष जीव. 'लॅम्प्स ऑफ इंडिया' हे त्यांचं पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१मध्ये काढलं.

या दिव्यांकडे आपण 'शोभेची वस्तू' म्हणून पाहतो. पण नीट निरखलं तर त्यांतली शोभा कामाला जुंपलेली दिसते. समईच्या तबकडीला चोची असतात त्या वात टेकवायला. तिचे भाग फिरकीने सुटे होतात ते घासायला सोपे जावेत म्हणून. खालची पसरट बैठक तिला तोल देते आणि ओघळलेलं तेलही झेलते. ज्योतीमागची नक्षीदार पाटी वारा अडवते आणि उजेड पुढे टाकते.

याचा कळस पाहायचा तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला, जोगेश्वरीला सापडलेला हत्तीचा टांगता दिवा पाहावा. तो आठव्या-नवव्या शतकातला मानतात. हत्तीचं पोट म्हणजे तेलाची टाकी. अशा दिव्यांची युक्ती साधी असते. टाकीचं तोंड खालच्या तेलात बुडालेलं असेपर्यंत आत हवा शिरत नाही आणि वरचं तेल उतरत नाही. जळून जळून पातळी खाली गेली की तोंड उघडं पडतं, हवा आत जाते आणि हवं तेवढंच तेल उतरतं. ज्योत मंदावते आहे का, हे पाहायला कुणी उठायला नको.

इतका खटाटोप कशासाठी, तर उजेड महाग होता म्हणून. साठ वॅटचा जुना बल्ब जवळजवळ साठ मेणबत्त्यांइतका उजेड देई. आपल्या आज्या-पणज्यांनी एका-दोन वातींत स्वयंपाक केला, बाळंतपणं केली. पुढे कंदील आले, आपल्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' घरोघरी पोचला, मग वीज आली. दिवे देवघरात गेले, तिथून माळ्यावर आणि माळ्यावरून मोडीत.

हे 'मोडीत' जाणं मी जवळून पाहिलं आहे. आमचा पेठेतला वाडा पाडून तिथे इमारत उभी राहायची ठरली, तेव्हा बिऱ्हाडांनी सामान आवरलं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पुरुषभर उंचीची समई ठेवणार कुठे? दारात मोडवाला काटा घेऊन बसला होता. शेजारच्या काकूंच्या माहेरचा लामणदिवा त्याने साखळीसकट तोलला. नक्षीचे पैसे वेगळे नव्हते, पितळेचे तेवढे मिळाले. काकू म्हणाल्या, "हा माझ्या आईच्या लग्नातला गं." पण काट्यावर ते वजन चढत नाही.

गंमत अशी, की त्याच काकूंच्या नातसुनेने परवा तुळशीबागेतून दिवाणखान्यासाठी लामणदिवा आणला. 'अँटिक' पॉलिशचा, आत विजेचा छोटा बल्ब! मला त्यात वाईट काही वाटलं नाही. हौस परत आली, हेही थोडं नाही. पण पितळेवरची ती पानं, ते मोर स्थिर उजेडासाठी घडवलेलेच नाहीत. ज्योत हलली की सावल्या हलतात आणि मोराची मान वळल्यासारखी वाटते. संग्रहालयात दिवे विझलेलेच राहणार. तिथे जपणूक महत्त्वाची. ते पेटलेले पाहायची जागा म्हणजे आपलं घर.

त्यासाठी आपल्याकडे एक दिवस राखूनच ठेवला आहे. आषाढी अमावस्या म्हणजे दिव्यांची अवस. हल्ली ती वेगळ्याच नावाने गाजते, ते सोडा! या दिवशी घरातले सगळे दिवे काढायचे, चिंचेने लख्ख घासायचे, पाटावर मांडून रांगोळी घालायची आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवायचा. यंदा माळ्यावरचं गाठोडंही सोडून पाहा. त्यात एखादा दिवा निघाला, तर तो कुणाचा, कोणत्या गावाहून आला, हे घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला विचारा आणि चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर ठेवा. नाहीतर उद्या त्या दिव्याची ओळख सांगायला फक्त मोडवाल्याचा काटा उरेल.