चिखलदरा-मेळघाट : इतिहासाच्या वाटेने वनवैभवाकडे

वऱ्हाडच्या काळ्या, कपाशीच्या सपाट मुलखातून उत्तरेकडे पाहिले असता क्षितिजावर निळसर डोंगरांची एक सलग भिंत उभी राहिलेली दिसते. सातपुड्याची ही गाविलगड रांग होय. या रांगेच्या माथ्यावर चिखलदरा हे विदर्भातील थंड हवेचे ठिकाण असून तिच्या पलीकडे मेळघाटचे विस्तीर्ण अरण्य पसरले आहे. अनेक घाट जेथे एकत्र येतात तो मेळघाट, अशी या नावाची फोड केली जाते. अमरावतीहून निघून परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह आणि कोलकास असा दोन-तीन दिवसांचा मोटारप्रवास केल्यास ब्रिटिश अमदानीच्या खुणा आणि महाराष्ट्राचे समृद्ध वन्यजीवन यांचे एकाच वाटेवर दर्शन घडते.

छावणीचे गाव

अमरावतीपासून सुमारे ५० किलोमीटरवर परतवाडा लागते. शेजारचे अचलपूर ही वऱ्हाडातील इमादशाहीची जुनी राजधानी. परतवाड्याची वाढ मात्र लष्करी छावणीमुळे झाली. निजामाच्या खर्चाने पोसलेल्या व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा तळ येथे होता. या फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटीच १८५३ साली वऱ्हाड प्रांताचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. पुढे वऱ्हाडचा कापूस बंदराकडे रवाना करण्यासाठी मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद लोहमार्गाची शाखा टाकण्यात आली. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी ती गाडी आज बंद आहे. तथापि तिची आठवण वऱ्हाडात अद्याप ताजी आहे.

गाविलगडचा वेढा

परतवाडा सोडताच घाटाची वळणे सुरू होतात. चिखलदऱ्यालगतच्या पठारावर गाविलगड हा बलाढ्य किल्ला आहे. गुरे राखणाऱ्या गवळी लोकांवरून त्यास हे नाव पडले. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकात त्याची पक्की बांधणी केली. शार्दूल दरवाज्यावरील शार्दूल व गंडभेरुंड यांची शिल्पे, मोठी मशीद, तलाव व तटांवरील तोफा आजही पाहावयास मिळतात.

या किल्ल्याचे भवितव्य १८०३ साली ठरले. असई व अडगाव येथील लढायांनंतर नागपूरकर भोसल्यांची फौज गाविलगडात आश्रयास आली. जनरल आर्थर वेलस्लीने दक्षिणेकडून किल्ल्यास शह दिला, तर कर्नल स्टीव्हन्सनने डोंगरांतून नवी वाट पाडीत जड तोफा उत्तरेच्या बाजूस आणल्या. कारण तीन बाजूंना खोल दऱ्या असल्या, तरी उत्तरेस किल्ला पठाराच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी बाहेरच्या तटास पडलेल्या खिंडारातून हल्ला झाला. आतला कोट शिड्या लावून चढल्यावर किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. त्यानंतर दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांना कटक व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

थंड हवेचे ठिकाण

हैदराबाद कंटिंजंटमधील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ साली चिखलदऱ्याचा ‘शोध लावला’, असे सांगितले जाते. वस्तुतः गवळी व कोरकू यांची वस्ती या डोंगरात त्यापूर्वीपासून होतीच. भीमाने कीचकाचा वध करून त्यास येथील दरीत फेकले, या लोककथेशीही या स्थळाचे नाव जोडले गेले आहे. रॉबिन्सनच्या आगमनाने घडले ते एवढेच की, उन्हाळ्याने त्रस्त झालेल्या साहेबांना सुमारे ११०० मीटर उंचीवरचा विसावा सापडला. त्यांच्यामागून बंगले, बागा आणि कॉफीची लागवड आली. महाराष्ट्रात कॉफी पिकते अशा विरळ ठिकाणांत चिखलदऱ्याची गणना होते. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल व वैराट ही येथील प्रेक्षणीय स्थळे होत.

राखीव जंगल आणि कोरकू

चिखलदऱ्याहून खाली उतरताच सागाचे घनदाट जंगल सुरू होते. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. रेल्वे आणि इमारतींसाठी लाकडाची मागणी वाढली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेळघाटची अरण्ये राखीव ठरविण्यात आली. अधिकाऱ्यांच्या घोड्यावरील फिरतीसाठी ठिकठिकाणी विश्रामगृहे उभारण्यात आली. सिपना नदीकाठचे कोलकास येथील विश्रामगृह पर्यटकांच्या विशेष आवडीचे आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही जाणून घेणे अगत्याचे आहे. वृक्षतोडीस व लागवडीस मजूर हवेत म्हणून कोरकूंची वनग्रामे वसविली गेली. पण ज्या अरण्यावर त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जीवन अवलंबून होते, त्यावरील त्यांची फिरती शेती व वहिवाट संकुचित झाली. स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. १९९० नंतरच्या दशकात मेळघाटातील बालकांच्या कुपोषणाने साऱ्या राज्याचे लक्ष वेधले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांचा मार्ग खुला केला. पायथ्याजवळच्या पायविहीर गावाने अशा हक्काच्या जंगलाचे संगोपन करून दाखविले व २०१४ साली त्यास भारत जैवविविधता पुरस्कार लाभला.

वाघ, गवा आणि रानपिंगळा

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातून मेळघाटचा समावेश होता. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, सांबर, भेकर, चौशिंगा व रानकुत्रे यांचे येथे वास्तव्य आहे. डोंगराळ भूभाग व दाट झाडी यांमुळे वाघ सहजासहजी दृष्टीस पडत नाही. पाऊलखुणांवरच पुष्कळदा समाधान मानावे लागते. सिपना, खापरा, खंडू, गडगा व डोलार या नद्या याच अरण्यातून वाहत ताप्तीस मिळतात. म्हणजेच येथील झाडोऱ्याचे रक्षण हे खालच्या मुलखाच्या पाण्याचेही रक्षण ठरते.

मेळघाटचे आणखी एक भूषण म्हणजे रानपिंगळा हे लहानसे घुबड. १८८४ नंतर या पक्ष्याचा विश्वसनीय मागमूस नव्हता. एका इंग्रज संग्राहकाने १९१४ साली तो मिळविल्याचा दावा केला होता. परंतु तो नमुना दुसऱ्याच्या जुन्या संग्रहातून चोरलेला असल्याचे पुढे सिद्ध झाले. खोट्या ठिकाणाचा पाठपुरावा सोडून अस्सल नोंदींच्या आधारे शोध घेतल्यावर, नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा दिसला. त्यानंतर मेळघाटातही त्याची वस्ती आढळली. आज हे अरण्य त्याच्या प्रमुख आश्रयस्थानांपैकी एक आहे.

या शतकाच्या प्रारंभापासून गाभ्यातील काही गावांचे पुनर्वसन होत आले आहे. बोरी, कोहा व कुंड ही त्यांतील पहिली. मोकळ्या झालेल्या शेतांवर आता कुरणे वाढली असून तेथे सांबर व गवे चरतात. वन्यप्राण्यांना मिळालेल्या या निवाऱ्यामागे घरदार सोडून गेलेल्या कुटुंबांचा त्याग आहे. नव्या ठिकाणी त्यांना जमीन, पाणी व रोजगार मिळाला तरच हे संरक्षण टिकाऊ होईल.

प्रवाशांसाठी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सहलीस उत्तम. पावसाळ्यात चिखलदरा धुक्याने व धबधब्यांनी नटते. मात्र तेव्हा जंगलसफारीवर निर्बंध असतात. रेल्वेने येणाऱ्यांना बडनेरा हे मुख्य स्थानक सोयीचे पडते. वनविश्रामगृहांचे आरक्षण व सफारीचा परवाना वनविभागाकडून आधी घ्यावा. घाटात वाहन सावकाश हाकावे आणि प्लॅस्टिकचा कचरा जंगलात टाकू नये. शक्य तेथे स्थानिक कोरकू युवकांस मार्गदर्शक म्हणून सोबत घ्यावे. गडाच्या तटांची व बंगल्यांची हकीकत ग्रंथांतून कळते. पण या वाटांचे, झऱ्यांचे आणि पाखरांचे ज्ञान ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याच सहकार्याने हा वारसा पुढील पिढ्यांच्या हाती सुखरूप पोहोचणार आहे.