स्टेम सेल प्रत्यारोपणानंतर घरी आल्यावर: कोणत्या सवयी खरोखर उपयोगी पडतात?

"डॉक्टर, नव्या पेशी लवकर वाढाव्यात म्हणून काय खायला देऊ?" रक्ताच्या कर्करोगासाठी किंवा थॅलेसेमियासाठी बोन मॅरो म्हणजेच अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न विचारतात. प्रामाणिक उत्तर असे की कोणताही पदार्थ, काढा किंवा योगासन स्टेम सेल रुजवत नाही. ते काम पेशी स्वतःच करतात; साधारण २ ते ४ आठवड्यांत त्या नवे रक्त बनवू लागतात. मात्र प्रतिकारशक्ती पूर्ववत व्हायला कित्येक महिने, आणि दात्याच्या पेशी घेतल्या असतील तर वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या काळात रुग्णाला संसर्गापासून जपणे आणि औषधे वेळेवर देणे, हे घरच्यांच्या हातात असते.

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. आता पुण्यातही ही सोय आहे. पण रुग्ण नसरापूरसारख्या गावी परततो, तेव्हा शहरातल्या सूचनापत्रकात न लिहिलेल्या गोष्टी समोर येतात.

सर्वांत महत्त्वाची म्हणजे धूळ आणि माती. भोर-वेल्हे हा भाताचा पट्टा. झोडणीची धूळ, ओलसर पेंढा, शेणखत, कोंदट कणगी यांत बुरशीचे सूक्ष्म बीजाणू असतात. निरोगी माणसाला ते सहसा त्रास देत नाहीत. प्रत्यारोपण झालेल्याच्या फुप्फुसात मात्र गंभीर संसर्ग करू शकतात. म्हणून रुग्णाने गोठ्यात, खळ्यावर जाऊ नये. सारवण, रंगकाम, पोपडे काढणे हे तो घरी येण्याआधीच उरकून घ्यावे. पावसाळ्यात भिंतीला ओल येते ती खोली त्याला देऊ नका.

जेवणाचे फार अवडंबर नको. ताजे, नीट शिजवलेले गरम अन्न आणि उकळून गार केलेले पाणी द्यावे. कच्चे दूध, अर्धवट शिजलेली अंडी, उघड्यावरचा उसाचा रस, कालची भाजी टाळा. सगळी फळे बंद करण्याची गरज सहसा नसते. धुऊन, सोलून खाता येणारी फळे कधी सुरू करायची ते आपल्या डॉक्टरांना विचारा. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र नकोच, कारण सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण त्यांमुळे वाढू शकते.

"प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल दिली तर?" कृपया न विचारता देऊ नका. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला करू नयेत म्हणून आम्ही प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते. तिला घरात उत्तेजन देणे उलटे पडू शकते.

तंबाखू आणि मिश्री पूर्ण बंद. मिश्रीला 'दात घासणे' समजून पुष्कळ बायका ती सांगतच नाहीत, म्हणून वेगळे लिहिले. तोंड आधीच हुळहुळे झालेले असते. मऊ ब्रश पुरतो. थकवा असला तरी दिवसभर पडून राहू नये. अंगणात सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करावी.

घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ अंश फॅरेनहाइट झाला, की 'पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू' असे करू नका. ही तातडीची स्थिती आहे. रुग्णालयाला फोन करून लगेच निघा. नसरापूरहून पुण्याला जाताना खेड शिवापूर आणि नवले पुलावरच्या कोंडीत वेळ जातो, म्हणून गाडी कोणाची, चालवणार कोण, रात्रीचा फोन नंबर कोणता, हे आधीच ठरवून कागदावर लिहून भिंतीला लावा.

राहिला भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न. गावात 'येऊ नका' म्हणणे अवघड जाते. मग दारातच साबण-पाणी ठेवा, सर्दी-खोकला असलेल्यांना फोनवर बोलायला सांगा, आणि गरज पडल्यास खुशाल आमचे नाव पुढे करा: "डॉक्टरांनी मनाई केली आहे."