विहिरीच्या पाण्याला चव कोठून येते?

अथणीकडची माझी आत्या दिवाळीला बेळगावला आली, की पहिल्याच दिवशी आईला म्हणते, "वहिनी, तुमच्या आडाच्या पाण्यात डाळ कशी लोण्यासारखी शिजते!" तिच्या गावी डाळीत सोड्याची चिमूट टाकावी लागते, कपड्यांना साबण दुप्पट लागतो आणि बंबाच्या तळाशी पांढरा थर धरतो. पाऊस दोन्हीकडे आभाळातूनच पडतो. मग जमिनीत मुरल्यावर पाण्यात एवढा फरक का पडावा?

पावसाचे पाणी जवळजवळ शुद्ध असते. खाली येताना ते हवेतील थोडा कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. खरा साठा मात्र मातीत असतो. झाडांची मुळे व मातीतील सूक्ष्म जंतू हा वायू सतत सोडत असतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांत त्याचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहा ते शंभर पट असते. या वायूमुळे पाण्यात कार्बॉनिक आम्ल तयार होते. लिंबाच्या रसापुढे हे आम्ल अगदीच दुबळे. पण जमिनीखाली त्याला वर्षानुवर्षे काम करावयास मिळते.

आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. त्याच्या भेगांतून झिरपताना हे आम्लयुक्त पाणी त्यातील खनिजांचे हळूहळू विघटन करते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि थोडी सिलिका पाण्यात उतरते. मागे उरते ती चिकणमाती. कॅल्शियम व मॅग्नेशियम वाढले, की पाणी दुष्फेन होते. साबणाचा फेस होण्याऐवजी साका होतो. डाळीच्या पेशींना जोडणारे पेक्टिन कॅल्शियममुळे घट्ट होते, म्हणून डाळ शिजत नाही.

बेळगाव परिसरात या काळ्या दगडावर ठिकठिकाणी जांभा आहे. मुसळधार पावसाने त्यातील विद्राव्य क्षार फार पूर्वीच धुऊन नेले; राहिले मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम यांचे न विरघळणारे अंश. त्यामुळे जांभ्यातील पाण्याला उचलण्यासारखे फारसे काही मिळत नाही व ते सुफेन राहते. अथणीकडे पाऊस कमी, ऊन कडक. तेथे मातीतले पाणी वाफ होऊन जाते, पिकेही पाणी घेतात आणि क्षार मागेच राहतात. मळ्यात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे ही त्याचीच खूण. खोल बोअरचे पाणी दगडाच्या सहवासात अधिक काळ राहिलेले असल्याने त्यात क्षार बहुधा जास्त असतात.

दुष्फेन पाणी गृहिणीला त्रासाचे असले, तरी प्रकृतीला सहसा अपायकारक नसते. भारतीय मानकानुसार २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतची दुष्फेनता योग्य समजतात. दुसरी सोय नसेल, तर ६०० पर्यंत चालते. फ्लोराइडची गोष्ट वेगळी. त्याची मर्यादा अवघी १ मिलिग्रॅम, नाइलाजाने १.५.

ग्रॅनाइटच्या प्रदेशात काही खनिजांतून फ्लोराइड पाण्यात येते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर फ्लोराइड फार वाढू शकत नाही. कारण कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फारसे विरघळत नाही. परंतु वाटेतील चिकणमाती कधी कधी कॅल्शियम ठेवून घेते व बदल्यात सोडियम देते. मग पाणी सुफेन होते आणि फ्लोराइडवरचा अंकुशही सुटतो. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले, तर मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे व सांधे आखडतात. तेलंगणातील नळगोंडा जिल्हा यासाठी दुर्दैवाने प्रसिद्ध आहे. तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची जी रीत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात बसवली, तिला नळगोंडा पद्धत असेच नाव पडले. आपल्या कर्नाटकातही कोलार, तुमकूर, रायचूर या भागांत हा प्रश्न आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

यंदा आत्याच्या घरी नवी बोअर मारली. पाणी चवीला चांगले, साबणाला फेस भरपूर, डाळही शिजली; सारे घर खूश. मी मात्र बाटली भरून घेतली. दुष्फेनता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मोजली, ती खरोखरच कमी निघाली. म्हणूनच फ्लोराइडसाठी नमुना सरकारी प्रयोगशाळेत दिला. उत्तर येईपर्यंत मुलांना जुन्या विहिरीचेच पाणी गाळून, उकळून द्यावे, असे आत्याला कळवले आहे. तिला ते पटलेले नाही. "चांगल्या पाण्याला कसली रे तपासणी?" असा तिचा सवाल आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या गावी अशा नव्या बोअर झाल्या असतील. सुटीवरून परत येताना एकेक बाटली पाणी बरोबर आणावे, एवढीच विनंती. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही आणि एवढ्या प्रमाणात चवही नाही.