वहीत नफा, गल्ल्यात खडखडाट! असं का होतं?

समजा, कुर्डुवाडीत तुमचं ठिबक-पाइपचं दुकान आहे. जूनमध्ये 3 लाखांचा माल विकला. खरेदी 2 लाख 55 हजारांची, म्हणजे नफा 45 हजार. भारीच की!

पण रोख आले फक्त 1 लाख. बाकी उधार. गिऱ्हाईक म्हणतं, "ऊसबिल आलं की देतो." गाळप सुरू होणार साधारण नोव्हेंबरात. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत बिल मिळावं असा नियम आहे, तरी ते कधी कधी लांबतं. तुमच्या व्यापाऱ्याला मात्र जुलैतच 2 लाख 55 हजार द्यायचेत. खड्डा 1 लाख 55 हजारांचा!

म्हणून वहीत मार्चपर्यंतचे महिने आखा. रकाने चारच: सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, उरलेली शिल्लक.

विक्री कधी झाली ते लिहू नका, पैसे हातात कधी पडतील ते लिहा. उधारीची वसुली एक महिना उशिराच धरा. भाडं, पगार, हप्ते विसरू नका.

शिल्लक उणे दिसली? मग उधारीला मर्यादा घाला, व्यापाऱ्याकडून मुदत वाढवून घ्या, बँकेशी आत्ताच बोला. गल्ला रिकामा झाल्यावर कुणी ऐकत नाही.

आज दुकान बंद केल्यावर वही उघडाच!