देशाचा बांध

शेताला जसा बांध असतो तशी देशाला सीमा असते. ती तुटक असली तर काय होते ते मी सांगते.

पश्चिम बंगालात कूचबिहार जिल्हा आहे. तिथं भारताच्या जमिनीचे तुकडे बांगलादेशाच्या आत होते, नि त्यांचे आपल्या आत. चारी बाजूंनी दुसराच देश! आपलं सरकार तिथं पोचायचं कसं? शाळा नाही, वीज नाही, दवाखाना नाही. कित्येक पोरांना शाळेत नाव घालायला परक्या माणसाला बाप म्हणून दाखवावे लागे.

१९७४ साली इंदिरा गांधी व शेख मुजीबुर रहमान यांनी करार केला. पण अदलाबदल २०१५ साली झाली. त्यासाठी आपल्या राज्यघटनेत १०० वी दुरुस्ती केली. ३१ जुलैच्या मध्यरात्री भारताने १११ तुकडे दिले नि ५१ घेतले. आपली सुमारे १७,१६० एकर गेली, ७,११० एकर आली.

कुणी म्हणेल, हा तर तोटा! पण गेलेली जमीन नकाशातच आपली होती. आता सीमा राखता येते. भारत मोठा देश, तरी त्याने लहान शेजाऱ्याशी भांडण केले नाही. कुठल्या देशात राहायचे ते तिथल्या लोकांनीच ठरवले. आता तिथली पोरं स्वतःच्या बापाचे नाव सांगून शाळेत जातात.

(इयत्ता चौथी)