अंग बाहेर येणे : लपवून ठेवण्याचे दुखणे नव्हे

शेतकीच्या या पानावर आम्ही बहुधा ऊस, तंबाखू आणि जनावरे यांविषयी लिहितो. या वेळी शेतात राबणाऱ्या बाईच्या एका दुखण्याविषयी लिहीत आहोत. कोणी त्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात, कोणी ‘अंग खाली सरकणे’. धर्मग्रामातील पुरुषांनीही हे वाचावे.

गर्भाशय, लघवीची पिशवी व गुदाशय यांना खालून स्नायूंची एक झोळी पेलून धरते. बाळंतपणात ती ताणते. पुष्कळ बाळंतपणे, पाळी गेल्यानंतरची झीज, जुना खोकला, शौचाला कुंथणे आणि जड ओझी यांनी ती सैल पडते. वैरणीचा भारा वाहणारी किंवा भाजीची बुट्टी डोक्यावर घेऊन खडेबाजार गाठणारी बाई हा ताण रोज सोसते. तंबाखूच्या धुळीने खोकणारीचेही तेच.

ओटीपोटात जडपणा, कंबरदुखी, खोकताना लघवी सुटणे, उकिडवे बसल्यावर हाताला गोळा लागणे ही लक्षणे. संध्याकाळी त्रास वाढतो, आडवे झाल्यावर कमी होतो. हा कॅन्सर नव्हे, आणि पापाची शिक्षा तर मुळीच नव्हे.

बायका किती सोसतात हे डॉ. राणी बंग यांनी 1989 साली दाखवून दिले. गडचिरोलीच्या दोन गावांतील 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना तपासणीत काही ना काही स्त्रीरोग आढळला. पूर्वी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के.

दुखणे थोडे असेल तर व्यायामाने पुष्कळ आराम पडतो. लघवी किंवा वारा रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळून पाच-सहा आकडे मोजावेत, मग सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन-चार महिने. श्वास कोंडू नये. लघवी करताना हा व्यायाम करू नये.

अंग जास्त खाली आले असेल तर डॉक्टर आत रबराचे किंवा सिलिकॉनचे कडे बसवतात. ते ठरलेल्या वेळी काढून धुवावे लागते. विसरल्यास आत जखम होते. त्यानंतरचा उपाय शस्त्रक्रिया. गर्भाशय काढणे हा एकच मार्ग नाही. गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी गर्भाशय राखून ते वर बांधण्याची शस्त्रक्रिया बसवली, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारावे. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे.

बाळंतिणीला निदान सव्वा महिना घागर, भारा उचलू देऊ नये. सासूबाईंनी हे मनावर घ्यावे. आमच्या मते निम्मे काम त्यांच्याच हाती आहे. आहारात पालेभाजी व भरपूर पाणी असावे, म्हणजे कुंथावे लागत नाही.

लघवी अडली, बाहेर आलेल्या भागाला जखम झाली किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर सुगी संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.